बिवळ्याचा अर्क आणि अ‍ॅलॉक्सनचे उंदीर: संरक्षणाला उपचार समजण्याचे प्रकरण

'अर्काने मधुमेही उंदरांची साखर उतरली, यकृतातले मॅलॉनडायअल्डिहाइड (मेदाच्या ऑक्सिडीकरणाची खूण) घटले, ग्लुटाथायोन (पेशीतला अँटिऑक्सिडंट) वाढले. सबब हा अर्क अँटिऑक्सिडंट गुणामुळे मधुमेहावर गुणकारी आहे.' औषधनिर्माणशास्त्राच्या कितीतरी प्रबंधांचा शेवट असा होतो, वनस्पतीचे नाव तेवढे बदलते. या निष्कर्षातला कार्यकारणभाव सिद्ध करायला काय काय लागते हे समजून घ्यायचे असेल, तर बिवळ्याच्या सालीतल्या एपिकॅटेचिनचे प्रकरण बारकाईने वाचावे. ते १९८०च्या दशकातले आहे, पण त्यातली प्रयोगाची रीत आजही महाविद्यालयांत जवळपास तशीच चालू आहे.

झाड आणि दावा

बिवळा, बिबला, असन, विजयसार ही टेरोकार्पस मार्सुपियम या एकाच झाडाची नावे. सह्याद्रीत आणि विदर्भाच्या पानझडी जंगलांत ते आढळते. सालीला खाच पाडली की लाल डिंक पाझरतो. मलबार कायनो या नावाने तो एके काळी ब्रिटिश औषधकोशात होता. आयुर्वेदात असनादि गणाचा उपयोग प्रमेहासाठी सांगितला आहे आणि व्यवहारात वापरतात ते खोडाच्या गाभ्यातले लाकूड. साल आणि गाभा यांतली द्रव्ये वेगळी आहेत हे सुरुवातीलाच लक्षात ठेवायला हवे. एपिकॅटेचिन सालीत मिळते. गाभ्यात टेरोस्टिल्बीन, मार्सुपसिन, टेरोसुपिन, आयसोलिक्विरिटिजेनिन असे फिनॉल वर्गातले पदार्थ आहेत. 'बिवळ्याचा अर्क' एवढेच लिहिलेला शोधनिबंध समोर आला, की आधी त्यात साल वापरली की सार (गाभ्याचे लाकूड), ते शोधावे. एकाचे निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाहीत.

१९८०मध्ये बी. के. चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी इंडियन जर्नल ऑफ फार्माकॉलॉजीमध्ये लिहिले की बिवळ्याच्या अर्काने अ‍ॅलॉक्सन (उंदरांत मधुमेह निर्माण करण्यासाठी टोचतात ते विषारी रसायन) दिलेल्या उंदरांच्या स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी पुन्हा तयार होतात. १९८१मध्ये द लॅन्सेटमध्ये हेच श्रेय सालीतून वेगळ्या काढलेल्या ऋण-एपिकॅटेचिनला देण्यात आले. दावा प्रचंड मोठा होता. तोपर्यंतची औषधे उरलेल्या पेशींकडून जास्त इन्सुलिन काढून घेत, यकृतातून येणारी साखर कमी करत किंवा बाहेरून इन्सुलिन पुरवत. नष्ट झालेली पेशी परत आणणारे औषध कोणाकडेच नव्हते, आणि इथे तर चहातही सापडणाऱ्या एका साध्या फ्लॅव्हॅनॉलकडून तेच घडते असे म्हटले होते.

पुढच्याच वर्षी, १९८२मध्ये, कोल्ब आणि सहकाऱ्यांनी द लॅन्सेटमध्येच कळवले की एपिकॅटेचिनचा मधुमेहविरोधी परिणाम त्यांना दिसला नाही. मूळ गटाने त्याला उत्तरही दिले. १९८५मध्ये बोन आणि सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या प्रकारचे उंदीर घेतले: स्ट्रेप्टोझोटोसिनने मधुमेही केलेले, आणि प्रतिकारशक्तीच्या बिघाडामुळे आपोआप मधुमेह होणारे बीबी जातीचे. जडलेला मधुमेह एपिकॅटेचिनने मागे फिरला नाही. एकच रेणू एका प्रयोगशाळेत पेशी उगवतो आणि दुसरीत काहीच करत नाही, असे दिसले की सगळ्यांत आधी प्रयोगात मधुमेह कसा निर्माण केला ते पाहावे.

अ‍ॅलॉक्सन नेमके काय करते

अ‍ॅलॉक्सनची रचना ग्लुकोजशी मिळतीजुळती असल्याने ते ग्लूट-२ या वाहकातून बीटा पेशीत सहज शिरते. आत ग्लुटाथायोनसारखे थायॉल त्याचे डायअल्युरिक आम्लात क्षपण करतात. ते आम्ल ऑक्सिजनशी अभिक्रिया करून पुन्हा अ‍ॅलॉक्सन होते आणि प्रत्येक फेरीत सुपरऑक्साइड मूलक (पेशीला इजा करणारा अतिक्रियाशील कण) बाहेर पडते. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोहाच्या उपस्थितीत हायड्रॉक्सिल मूलक तयार होते. बीटा पेशीत कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरे यकृताच्या मानाने अगदी थोडी असतात, म्हणून ती मरते. थोडक्यात, अ‍ॅलॉक्सनचा उंदीर हा मूलकांच्या एका तडाख्याने तयार झालेला मधुमेही आहे.

आता अशा उंदराला अ‍ॅलॉक्सनच्या आधी किंवा सोबत कोणताही बरा अँटिऑक्सिडंट दिला तर काय होईल? तडाखा बोथट होईल, काही बीटा पेशी वाचतील, साखर कमी चढेल. प्रयोग खरा, आकडे खरे. पण त्यातून सिद्ध होते ते एवढेच की हा पदार्थ अ‍ॅलॉक्सनवरचा उतारा आहे. ज्याला मधुमेह आधीच जडला आहे त्याच्यासाठी या निकालाचा अर्थ जवळपास शून्य. ग्लुकोजचा साधा मोठा डोसही अ‍ॅलॉक्सनपासून संरक्षण देतो. म्हणून कोणी ग्लुकोजला मधुमेहाचे औषध म्हणत नाही.

स्ट्रेप्टोझोटोसिनही ग्लूट-२मधूनच आत जाते, पण त्याचा मुख्य घाव डीएनएच्या अल्किलीकरणाचा. डीएनए दुरुस्तीच्या धडपडीत पेशीतले एनएडी हे ऊर्जानिर्मितीला लागणारे द्रव्य संपते आणि पेशी ऊर्जेअभावी मरते. मूलके तिथेही निर्माण होतात, पण ती दुय्यम. म्हणून अँटिऑक्सिडंटचे संरक्षण अ‍ॅलॉक्सनच्या प्रयोगात ठळक आणि स्ट्रेप्टोझोटोसिनमध्ये फिके दिसले, तर तो फरकच सांगतो की पदार्थ विषाच्या रसायनाशी झगडतो आहे.

वेळापत्रकातली चूक कशी होते

विस्टार जातीच्या उंदरांना अ‍ॅलॉक्सन शिरेतून साधारण ६५ मि.ग्रॅ. प्रति किलो लागते, पोटातून (पोटाच्या पोकळीत टोचून) त्याच्या दोन-तीन पट. उदासीन पीएच आणि ३७ अंश तापमानाला त्याचे अर्धायुष्य सुमारे दीड मिनिट. म्हणून ते आम्लधर्मी, थंड द्रावणात विरघळवायचे आणि लगेच टोचायचे. सकाळी एकदाच द्रावण करून तासभर उंदीर टोचत बसले, की पहिल्या पिंजऱ्याला पूर्ण मात्रा मिळते आणि शेवटच्या पिंजऱ्याला निम्मे-अर्धे औषध. त्यात पिंजऱ्यांचा क्रम आणि गटांचा क्रम एकच असेल, म्हणजे आधी 'मधुमेही नियंत्रण' आणि शेवटी 'अर्क ४०० मि.ग्रॅ.', तर अर्काला काहीही न करता यश मिळते. ही चूक कागदावर कुठेच दिसत नाही. उपाय सोपा आहे: पूड आधी वेगवेगळ्या कुप्यांत तोलून ठेवावी, प्रत्येक तीन-चार उंदरांसाठी नवे द्रावण करावे आणि गटवाटप नंतर करावे.

टोचल्यानंतरची साखरेची चालही वाकडी असते. पहिल्या अर्ध्या तासात ती थोडी उतरते, मग काही तास चढते. चार ते आठ तासांच्या सुमाराला फुटलेल्या पेशींतले इन्सुलिन एकदम रक्तात येते आणि साखर धोकादायक खाली जाते. या टप्प्यात ग्लुकोजचे पाणी पिंजऱ्यात नसेल तर उंदीर आकडी येऊन मरतात. कायमची चढ १२ ते ४८ तासांत स्थिरावते. म्हणजे २४ तासांनी 'मधुमेह झाला' असे ठरवून अर्क सुरू करणे म्हणजे अजून हलत असलेल्या तराजूवर वजन करणे होय.

त्याहून मोठी अडचण आपोआप बरे होण्याची. सौम्य मात्रेत काही पेशी वाचतात आणि एक-दोन आठवड्यांत साखर कोणत्याही औषधाशिवाय खाली येते. पेशी परत उगवल्याचा दावा करायचा असेल तर हीच सर्वांत मोठी अडचण. वयही पाहावे लागते: जन्मतः स्ट्रेप्टोझोटोसिन दिलेल्या उंदीरपिल्लांत बीटा पेशी मोठ्या प्रमाणात स्वतःहून भरून येतात, प्रौढांत तसे होत नाही.

आमच्या मते किमान शिस्त अशी असावी. अ‍ॅलॉक्सननंतर सात दिवस काहीही देऊ नये. मग दोन दिवसांच्या अंतराने दोनदा उपाशीपोटीची साखर मोजावी. दोन्ही वेळा २५० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या वर असलेलेच उंदीर घ्यावेत. त्यांना साखरेच्या चढत्या क्रमाने लावून, जवळजवळच्या आकड्यांचे संच करून प्रत्येक संचातून चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत. एकदाच मोजून सर्वांत जास्त साखरेचे उंदीर उचलले, तर पुढच्या मोजणीत त्यांची सरासरी आपोआप खाली सरकते आणि तेही अर्काच्या खात्यावर जमा होते. अ‍ॅलॉक्सनच्या आधी अर्क द्यायचा असेल तर खुशाल द्यावा, पण तो स्वतंत्र प्रयोग. त्याच्या शीर्षकात 'संरक्षण' लिहावे, 'उपचार' नव्हे. अर्क आणि अ‍ॅलॉक्सन दोन्ही पोटातून एकापाठोपाठ देणे मात्र टाळावेच. तिथे दोघांची गाठ पेशीपर्यंत पोहोचण्याआधी पोटाच्या पोकळीतच पडते.

पेशी उगवली की रंग परतला

एपिकॅटेचिनच्या दाव्याचा आधार सूक्ष्मदर्शकाखालची स्वादुपिंडाची कापे होती. अ‍ॅल्डिहाइड फुक्सिनचा जांभळा रंग इन्सुलिनच्या कणांना बसतो. सतत चढ्या साखरेने हैराण झालेली जिवंत बीटा पेशी आपले कण रिकामे करून बसते. तिला रंग बसत नाही आणि ती 'नाहीशी' वाटते. साखर कोणत्याही कारणाने उतरली, पेशीला विसावा मिळाला, की कण पुन्हा भरतात आणि रंग परततो. चित्र हुबेहूब पुनर्जननासारखे, प्रत्यक्षात तीच जुनी पेशी. नवी पेशी दाखवायची तर इन्सुलिन आणि केआय-६७ किंवा बीआरडीयू (विभागणाऱ्या पेशींच्या खुणा) यांचे दुहेरी रंजन करावे. स्वादुपिंडाच्या अनेक पातळ्यांवरची कापे घेऊन बीटा पेशींचे एकूण वस्तुमान मोजावे, आणि मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. निवडून काढलेल्या एका सुंदर बेटाच्या (बीटा पेशी असलेल्या पुंजाच्या) छायाचित्राने यातले काहीच सिद्ध होत नाही.

याच प्रश्नाचे एक स्वस्त उत्तर ग्लिबेनक्लॅमाइडच्या गटात दडलेले असते. हे औषध जिवंत बीटा पेशींवरच चालते. 'तीव्र मधुमेही' उंदरांत त्याने साखर झपाट्याने उतरत असेल, तर पेशी मेलेल्याच नव्हत्या. मग अर्काने त्या उगवल्या असेही म्हणता येत नाही. बहुतेक प्रबंधांत हा गट 'मानक औषध' म्हणून असतो, पण तो मुळात प्रयोगातल्या मधुमेहाची परीक्षा घेतो याकडे कोणी पाहत नाही.

अँटिऑक्सिडंट परिणाम: कारण की नुसता परिणाम

चढी साखर स्वतःच मूलके वाढवते. मायटोकाँड्रियातले जादा सुपरऑक्साइड, पॉलिऑल मार्गात खर्च होणारे एनएडीपीएच, ग्लायकेशनचे पदार्थ, हे सगळे साखरेमागून येते. म्हणून ज्या कोणत्या उपायाने साखर उतरते त्याने मॅलॉनडायअल्डिहाइड घटते आणि ग्लुटाथायोन वाढते. अर्क अँटिऑक्सिडंट म्हणून काम करतो असे म्हणायचे असेल तर इन्सुलिनचा गट हवाच. रोज साखर मोजून इन्सुलिनची मात्रा अशी ठेवावी की या गटाची साखर अर्काच्या गटाइतकीच राहील. दोन्ही गटांचे आकडे सारखे आले, तर अर्काचा अँटिऑक्सिडंट परिणाम म्हणजे साखर उतरल्याची सावली. साखर सारखी असूनही अर्काच्या गटात मूत्रपिंडातले किंवा डोळ्याच्या पडद्यातले नुकसान कमी दिसले, तर मात्र खरोखर काहीतरी हाती लागले. असे झाले तर ते फार मोलाचे आहे, कारण मधुमेहात माणसाचे हाल होतात ते याच अवयवांमुळे. हा एक गट वाचवून वाचतात सहा-आठ उंदीर, आणि हातची जाते अख्ख्या प्रबंधाची किंमत.

साखर उतरण्यालाही कारणे अनेक असतात. बिवळ्याची साल भलतीच तुरट असते. टॅनिनने भरलेला अर्क नळीने रोज पोटात गेला की उंदीर कमी खातो. साखर उतरते आणि वजनही उतरते. खरी सुधारणा झाली तर मधुमेही उंदराचे वजन परत वाढायला लागते. रोजचे खाद्य तोलून नोंदवावे आणि एका गटाला अर्काच्या गटाने खाल्ले तेवढेच खाद्य द्यावे. आतड्यातली पिष्टमय पदार्थ फोडणारी विकरे अडवल्यानेही जेवणानंतरची साखर कमी चढते. पिष्टाचा भार दिल्यावर अर्क चालला, पण ग्लुकोज तोंडावाटे आणि पोटातून टोचून दिल्यावर चालला नाही, तर त्याचे काम आतड्यातच आहे, स्वादुपिंडाला त्याचे श्रेय नको.

मोजणीतच चकवा

अँटिऑक्सिडंट क्षमता मोजणारी डीपीपीएच (एक रंगीत, स्थिर मूलक) चाचणी प्रयोगशाळेत सर्वांना परिचित: मिथेनॉलमधले ०.१ मिलिमोलर द्रावण, अंधारात ३० मिनिटे, ५१७ नॅनोमीटरला शोषण. बिवळ्याचा अर्क स्वतःच तांबूस-तपकिरी असतो आणि याच तरंगलांबीच्या आसपास शोषतो. म्हणून प्रत्येक तीव्रतेसाठी डीपीपीएच न घातलेले कोरे द्रावण वेगळे ठेवून ते शोषण वजा करावे लागते. एकच कोरे मिथेनॉल वापरले तर जास्त तीव्रतेला अर्काची क्षमता घटल्यासारखी दिसते आणि आलेख मध्येच वाकतो.

त्याहून महत्त्वाचे गणित तीव्रतेचे. समजा एखाद्या अर्काचा निम्मी मूलके निष्प्रभ करणाऱ्या तीव्रतेचा आकडा २० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. आला. ते सगळे एपिकॅटेचिनच आहे असे मानले (रेणुभार २९०), तर ही तीव्रता सुमारे ६९ मायक्रोमोलर होते. तोंडावाटे घेतलेली पॉलिफिनॉल रक्तात सहसा एखाद-दोन मायक्रोमोलरच्या पुढे जात नाहीत, आणि तीही बहुतांश ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेटला जोडलेल्या रूपात. परीक्षानळीतला तो अँटिऑक्सिडंट शरीरात त्या प्रमाणात पोहोचतच नाही. पेशीसंवर्धनातही सावध राहावे: कॅटेचिन वर्गाचे पदार्थ संवर्धन द्रवात स्वतः ऑक्सिडीभूत होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. पेशीविरहित द्रवात अर्क घालून पेरॉक्साइड मोजल्याशिवाय तो निकाल वाचू नये.

मॅलॉनडायअल्डिहाइडसाठी थायोबार्बिट्युरिक आम्लाची ५३२ नॅनोमीटरची चाचणी स्वस्त आहे, पण शर्करा, सियालिक आम्ल आणि फुटलेल्या लाल पेशींचे हिमोग्लोबिनही तिला फसवतात. मधुमेही रक्तद्रवात शर्करा जास्त असणारच. नमुना तापवण्याआधी बीएचटी (ऑक्सिडीकरण रोखणारा पदार्थ) घालावे, नाहीतर उकळतानाच नवे ऑक्सिडीकरण होते. आणि रक्त फुटलेले नमुने सरळ बाजूला काढावेत.

सर्वांत घातक चकवा ग्लुकोज मोजण्याच्या जीओडी-पीओडी संचात आहे. या पद्धतीत ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड होते आणि पेरॉक्सिडेज त्याच्या मदतीने रंग तयार करते. नमुन्यात अँटिऑक्सिडंट असेल तर तो तेच पेरॉक्साइड खातो किंवा रंग बनू देत नाही. ग्लुकोज आहे तेवढेच, आकडा मात्र कमी. अल्फा-ग्लुकोसिडेज किंवा पेशींनी ग्लुकोज उचलण्याच्या चाचणीत अर्क थेट नमुन्यात असतो आणि तिथे हे हमखास घडते. पडताळा अगदी साधा: १०० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर ग्लुकोजच्या द्रावणात अर्क मिसळून मोजावे. आकडा १००च्या जवळ आला नाही तर हेक्सोकायनेज पद्धत वापरावी.

माणसांपर्यंत काय पोहोचले

पेशी उगवण्याचा दावा टिकला नाही, तरी बिवळा निकामी ठरला असे मुळीच नाही. १९९७मध्ये मार्सुपसिन आणि टेरोस्टिल्बीन यांनी स्ट्रेप्टोझोटोसिनच्या उंदरांत साखर उतरवल्याचे प्रसिद्ध झाले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नव्याने निदान झालेल्या, इन्सुलिनवर अवलंबून नसलेल्या रुग्णांवर चार केंद्रांत विजयसारची चाचणी घेतली आणि ती १९९८मध्ये प्रसिद्ध केली. १२ आठवड्यांत ९७पैकी ६७ जणांची साखर नियंत्रणात आली. बहुतेकांना २ ग्रॅम मात्रा पुरली, काहींना ३ किंवा ४ ग्रॅम लागली. उपाशीपोटीची साखर सरासरी १५१वरून ३२ मि.ग्रॅ.ने आणि जेवणानंतरची २१६वरून ४५ मि.ग्रॅ.ने उतरली. लक्षात घेण्याजोगा दुष्परिणाम नोंदला गेला नाही. पण एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा निर्देशक) ९.८ टक्क्यांवरून ९.४ इतकेच खाली आले, आणि चाचणी खुली होती, तुलनेला निष्क्रिय गोळीचा गट नव्हता. नव्याने निदान झालेला रुग्ण त्याच सुमाराला खाणेपिणे सुधारतो, चालायला लागतो. त्याचा वाटा किती आणि विजयसारचा किती, हे अशा मांडणीत वेगळे काढता येत नाही.

अँटिऑक्सिडंट म्हणून माणसांत काय होते याचे मोठे उदाहरण दुसरीकडचे आहे. हृदयरोगाचा धोका जास्त असलेल्या साडेनऊ हजारांवर लोकांना, ज्यांत मधुमेहीही मोठ्या संख्येने होते, होप चाचणीत रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व किंवा निष्क्रिय गोळी सरासरी साडेचार वर्षे दिली गेली. २०००मध्ये निकाल आला: हृदयविकार आणि पक्षाघात टळण्यात फरक नाही. बिवळ्याचा उपयोग असेलच तर तो साखरेच्या चयापचयावरच्या थेट परिणामातून शोधावा, असे आमचे मत त्यामुळेच बनले आहे.

मात्रेचा हिशेब शेवटी करावाच लागतो. उंदराला २०० मि.ग्रॅ. प्रति किलो दिलेला अर्क शरीराच्या पृष्ठभागाच्या नियमाने ६.२ने भागला की माणसासाठी सुमारे ३२ मि.ग्रॅ. प्रति किलो होतो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास १.९ ग्रॅम कोरडा अर्क. लाकडातून १० टक्के अर्क निघतो असे धरले तर त्यासाठी १९ ग्रॅम सार लागेल. प्रदर्शनांत आणि हस्तकलेच्या दुकानांत मिळणाऱ्या विजयसारच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी तपकिरी होते आणि उजेडात निळसर चमकते. ती चमक पाहून पाण्यात भरपूर औषध उतरले असे वाटते. प्रत्यक्षात किती उतरले ते पाहायला १०० मि.लि. पाणी तोललेल्या बशीत जलऊष्मकावर आटवावे, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावे आणि पुन्हा तोलावे. त्यातून पेला न लावलेल्या त्याच पाण्याचे अवशेष वजा करावेत, कारण बोअरच्या पाण्यात क्षारच भरपूर असतात. नव्या पेल्याचे आणि महिनाभर वापरलेल्या पेल्याचे असे दोन आकडे काढले, तर तोच पेला रोज तेवढेच औषध देतो का तेही कळते. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असलेल्या रुग्णाने असा अर्क वैद्याकडून सुरू केला तर पहिले काही आठवडे उपाशीपोटीची साखर वारंवार मोजावी आणि डॉक्टरांना तो घेत असल्याचे सांगावे. साखर ७०च्या खाली घसरण्याचा धोका दोन औषधे मिळूनच वाढतो, आणि चालू गोळी स्वतःहून बंद करणे त्याहून धोक्याचे.